‘नाही’ म्हणण्याआधी: कुत्र्याची चूक कशी सुधारावी

‘आमचा कुत्रा अजिबात ऐकत नाही’ अशी तक्रार ज्या घरातून येते, तिथे बहुधा एकच गोष्ट झालेली असते. काय करायचं नाही हे त्याला दिवसभर सांगून झालेलं असतं. त्याऐवजी काय करायचं हे कुणी शिकवलेलंच नसतं. सोफ्यावर चढला, ‘नो’. मोजा उचलला, ‘नो’. पाहुण्यांच्या अंगावर उडी मारली, ‘नो, नो, नो!’ तीन वेगळ्या वागण्यांना एकच शब्द, आणि तोही आवाज चढवून. कुत्र्याच्या लेखी तो घरात अधूनमधून होणारा एक मोठा आवाज, एवढंच.

चूक सुधारायचा क्रम ठरलेला आहे. आधी चूक करायची संधीच मिळणार नाही अशी सोय. मग पर्यायी वागणं शिकवणं. त्यानंतर अडवणं. आणि तेवढ्यानं भागलं नाही, तर त्याला हवी असलेली गोष्ट थोडा वेळ काढून घेणं. नवखी माणसं पहिल्या दोन गोष्टी वगळून थेट अडवायला लागतात आणि मग चिडतात. मार, मानेला हिसका, विजेचा पट्टा हे या क्रमात कुठेच नाही. का नाही, ते पुढे येईल.

एक-दोन सेकंदांचा हिशेब

परिणामाचा संबंध कुत्रा त्या क्षणी जे चाललंय त्याच्याशी जोडतो. वागणं आणि परिणाम यांत एक-दोन सेकंदांहून जास्त अंतर पडलं की जोड भलत्याच गोष्टीशी बसते. बाहेरून आल्यावर फाटलेली उशी दिसली आणि तुम्ही ओरडलात, तर तो शिकतो ते एवढंच: दार उघडून माणूस आत आला की धोका असतो. उशीचा त्यात संबंध नाही.

‘पण त्याला कळतं हो, चेहरा बघा कसा पडलाय!’ हे हमखास ऐकू येतं. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये नेमका हा चेहरा तपासला. मनाई केलेला खाऊ कुत्र्यानं खाल्ला की नाही, याच्याशी त्या ‘अपराधी’ चेहऱ्याचा मेळ बसला नाही; तो मालकाच्या रागावण्याशी बसला. खाऊला तोंड न लावलेल्या कुत्र्यांना रागावल्यावर तर तो चेहरा जास्तच ठळक दिसला. खाली घातलेली मान, मागे पडलेले कान, वळवलेली नजर ही समोरच्या चिडलेल्या माणसाला शांत करायची धडपड असते.

म्हणून पहिला नियम असा: प्रत्यक्ष करताना पकडलं तरच सुधारायचं. नंतर सापडलं तर मुकाट्यानं आवरायचं आणि ती वस्तू पुन्हा त्याच्या तोंडी कशी लागणार नाही ते बघायचं.

सामान आणि घराची मांडणी

सपाट गळपट्टा हवा, त्याच्याखाली दोन बोटं सहज जातील इतका सैल. फिरवायला छातीवर ‘वाय’ आकारात बसणारा, खांद्याची हालचाल न अडवणारा हार्नेस. दीड ते दोन मीटरची ठरावीक लांबीची लीश, म्हणजे फिरवताना हातात धरायची दोरी. आपोआप लांब होणारी लीश शिकवायच्या काळात नको, कारण तिच्यात कायम थोडा ताण असतो आणि ओढलं की आणखी दोरी मिळते. म्हणजे आपण जे मोडू पाहतो तेच ती शिकवते. मोकळ्या जागेसाठी पाच ते दहा मीटरची लांब दोरी घ्या, पण ती हार्नेसलाच लावा. धावत्या कुत्र्याला गळपट्ट्यावर एकदम झटका बसला तर मान दुखावते.

आणखी एक वस्तू नवखे सहसा घेत नाहीत आणि तीच सगळ्यात कामाला येते: घरातली दोरी. दीड-दोन मीटर लांब, हलकी, टोकाला हाताची कडी नसलेली. कडी असली की ती खुर्चीच्या पायात अडकते. ही दोरी कुत्रा घरभर नुसती ओढत फिरतो. सोफ्यावरून उतरवायचं असेल तर गळपट्ट्याला हात घालायची गरज पडत नाही, दोरीचं टोक उचलून शांतपणे चालू लागायचं. गळपट्टा धरून ओढायची सवय लागलेल्या घरांत कुत्रे हळूहळू हात दिसला की मागे सरकायला लागतात आणि काही पुढे हातावर झडप घालतात. दोरी मात्र कुणीतरी समोर असतानाच लावायची. एकटं सोडताना काढायची.

खाऊचे तुकडे मटाराच्या दाण्याएवढे आणि मऊ ठेवा, पटकन गिळता येतील असे. दोन प्रकार ठेवा: घरात सरावासाठी रोजच्या खाण्यातले दाणे, आणि बाहेर किंवा अवघड प्रसंगी उकडलेल्या चिकनसारखं काही खास. दिवसभराचा हा वरखाऊ एकूण आहाराच्या दहा टक्क्यांच्या आत राहू द्या आणि तेवढं जेवणातून कमी करा.

मांडणीबद्दल थोडक्यात: चपला कपाटात, कचऱ्याचा डबा झाकणाचा, आणि लक्ष देता येणार नसेल तेव्हा कुत्रा घरातल्या छोट्या फाटकाच्या पलीकडे किंवा कुंपणाच्या जागेत चावायच्या खेळण्यासोबत. पुष्कळांना ही पळवाट वाटते, पण तसं नाही. मोजा पळवल्यावर घरातली चार माणसं मागे धावली, तर तो त्याच्यासाठी दिवसातला सर्वात झकास खेळ झाला. चुकीची अशी प्रत्येक आवृत्ती म्हणजे त्याचा उत्तम सराव.

पहिलं काम: खुणेचा शब्द

‘बरोबर केलंस’ हे नेमक्या क्षणी सांगणारा एक छोटा शब्द हवा. ‘छान’ चालेल, ‘येस’ चालेल, क्लिकर (दाबल्यावर ‘टिक’ असा आवाज करणारी छोटी डबी) असेल तर उत्तम. रोजच्या बोलण्यात सारखा येणारा शब्द मात्र नको.

१. शांत खोलीत बसा. शब्द उच्चारा आणि लगेच, एक-दोन सेकंदांत, एक तुकडा द्या. कुत्र्यानं काही करायची गरज नाही.

२. असं दहा-पंधरा वेळा. दिवसभरात अशा दोन-तीन बैठका.

३. कुत्रा दुसरीकडे बघत असताना शब्द उच्चारा. मान गर्रकन वळली, तर शब्दाला अर्थ आला. नाही वळली, तर आणखी एक-दोन बैठका.

इथे सगळे एकच घोळ करतात: शब्द तोंडातून निघायच्या आत हात खाऊच्या पिशवीत जातो. मग कुत्रा शब्द ऐकायचं सोडून हातावर नजर ठेवतो. हात स्थिर ठेवा. आधी शब्द, मग हात.

दुसरं काम: पर्याय

चार वागणी पक्की असली की घरातल्या बहुतेक चुकांना उत्तर तयार असतं: ‘बस’, ‘जागेवर’ (म्हणजे आपल्या गादीवर जाणं), ‘सोड’ आणि ‘ये’.

‘बस’ सोपं आहे. तुकडा नाकाशी धरून हळूच डोक्यावरून मागे न्या. नाक वर जातं, बूड टेकतं. टेकल्याच्या क्षणी खुणेचा शब्द आणि खाऊ. पाच-सहा वेळांनंतर हातात काही न धरता तीच हालचाल करा, नाहीतर खाऊ दिसल्याशिवाय न बसणारा कुत्रा तयार होतो. ‘बस’ हा शब्द हालचाल जमल्यानंतर जोडायचा आणि एकदाच म्हणायचा. ‘बस, बस, बस ना’ असं म्हटलं की कुत्रा तिसऱ्या ‘बस’ची वाट बघायला शिकतो.

‘सोड’ला वेळ द्या, कारण चुकीच्या शिकवणीचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. तोंडात बोटं घालून वस्तू ओढून घेतली की कुत्रा दोनच गोष्टी शिकतो: पटकन गिळून टाकणं किंवा गुरगुरणं. त्याऐवजी अदलाबदल करा. फारसं न आवडणारं खेळणं त्याच्या तोंडात असताना नाकाशी चांगला तुकडा धरा. तोंड उघडलं की खुणेचा शब्द, खाऊ, आणि ते खेळणं परत त्यालाच द्या. हे परत देणं विसरू नका. सोडलं तरी बहुतेक वेळा परत मिळतं, असा अनुभव आलेला कुत्राच पुढे खरोखर धोक्याची वस्तूही सोडतो. दहातून नऊ वेळा तोंड उघडायला लागला की तुकडा दाखवण्याच्या आधी ‘सोड’ म्हणायला सुरुवात करा. मग थोडं जास्त आवडतं खेळणं, मग त्याहून आवडतं.

‘ये’बद्दल एकच पथ्य, पण कडक: हाक मारून कधीही रागावू नका, आंघोळ घालू नका, खेळ संपवून घरी नेऊ नका. नावडतं काम असेल तर स्वतः उठून त्याच्याकडे जा.

अवघडपणा किती वाढवायचा हे ठरवायला पाचाचा हिशेब ठेवा. पाचातून चार किंवा पाच वेळा जमलं तर थोडं अवघड करा. तीनदा जमलं तर तसंच चालू ठेवा. दोनदा किंवा कमी, तर एक पायरी खाली या. वेळ, अंतर आणि आजूबाजूची गडबड या तिन्ही गोष्टी एकदम वाढवायच्या नाहीत; एक वाढवली की उरलेल्या दोन कमी ठेवायच्या. बैठक तीन ते पाच मिनिटांची. पिल्लांना त्यापुढे डोकं चालत नाही, खरं तर मोठ्यांनाही नाही. घरात बसणारा कुत्रा रस्त्यावर बसला नाही तर तो हट्टीपणा समजू नका. त्याच्यासाठी रस्त्यावरचं ‘बस’ हा जवळजवळ नवा धडा असतो.

तिसरं काम: अडवणं आणि काढून घेणं

आता कुठे सुधारण्याची पाळी येते.

*अडवणं.* टेबलाचा पाय कुरतडायला तोंड लावलं की ‘अं-अं’ असा छोटा, कोरडा आवाज करा. आवाजात धमकी नको. मान वर होण्याइतपतच तो लक्ष वेधणारा हवा. मान वर झाली की लगेच पर्याय सांगा: ‘जागेवर’ किंवा चावायचं खेळणं. पर्याय केला की खुणेचा शब्द. ‘अं-अं’ नंतर काहीच सांगितलं नाही तर पाच सेकंदांत तो पुन्हा टेबलाशी असेल. आणि त्याच गोष्टीवरून दोन-तीन मिनिटांत तिसऱ्यांदा अडवावं लागलं, तर अडवणं थांबवून कुत्र्याला किंवा वस्तूला तिथून हलवा. अडवल्यावर तो दबकत असेल, कान पाडून लांब जात असेल, तर तुमचा आवाज जास्त झालाय.

*काढून घेणं.* खेळताना दात लागले, खेळ थांबला. खाऊवर झडप घातली, मूठ बंद झाली. दार उघडताना घुसायला बघितलं, दार पुन्हा लागलं. ओरडायची गरजच नाही. दाराची मूठ सोडायची, चार पाय स्थिर झाले की पुन्हा धरायची. दार उघडणं हेच बक्षीस आहे, त्यामुळे वेगळा खाऊही लागत नाही.

*छोटी सुट्टी.* हे याच्या पुढचं टोक. चुकीच्या क्षणी एक ठरावीक शब्द, समजा ‘बास’, साध्या आवाजात म्हणा आणि लगेच तुम्ही फाटकाच्या पलीकडे जा. किंवा घरातल्या दोरीनं त्याला शेजारच्या रिकाम्या, कंटाळवाण्या जागेत नेऊन सोडा. दहा ते तीस सेकंद पुरे. पाच-दहा मिनिटं ठेवून जास्त परिणाम होत नाही, उलट तो कशासाठी इथे आहे हेच विसरतो आणि भुंकायला लागतो. बाहेर आल्यावर भाषण नको, लाडही नकोत. आधीचा प्रसंग पुन्हा सुरू करा, म्हणजे या वेळी बरोबर वागायची संधी मिळते. झोपायच्या क्रेटमध्ये (पिंजऱ्यात) सुट्टी देऊ नका, नाहीतर रात्री तो आत जायला नाही म्हणेल. चार-पाच बैठकांनंतरही प्रमाण घटलं नाही, तर तुमचं निदान चुकलंय: तो दमलाय, घाबरलाय, किंवा ते वागणं तुमचं लक्ष वेधण्यासाठी नाहीच.

भीतीपोटी भुंकणं, गुरगुरणं, एकटं राहिल्यावरचं रडणं यांवर छोटी सुट्टी वापरायची नाही. त्यानं भीती वाढते.

आणि एक धोक्याची सूचना. जेवताना तोंडाकडे बघत भुंकणाऱ्याला आजवर घास मिळत होता आणि आता तो बंद केला, तर दोन-चार दिवस भुंकणं वाढेल. आधी यानं काम होत होतं, म्हणून तो जोर लावून बघतो. नेमक्या त्या दिवशी कुणीतरी वैतागून घास टाकला, तर घर एक पक्का धडा देतं: जरा जास्त वेळ भुंकलं की मिळतं. म्हणून नियम बदलायच्या आधी घरातल्या सगळ्यांना बसवून तो सांगा. आजोबांनाही.

नेहमीची तीन-चार दुखणी

पिल्लाचं चावणं. दुधाचे दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत नवे येऊन संपतात. तोवर तोंड शिवशिवणारच. हातात दात रुतले की हात झटकन मागे घेऊ नका, पळणारी वस्तू तो पकडणारच. हात जागच्या जागी ढिला सोडा, तोंड सैल झालं की खेळणं पुढे करा. पुन्हा हाताकडेच आला तर ‘बास’ आणि दहा-पंधरा सेकंद तुम्ही फाटकापलीकडे. ‘आऊ’ करून किंचाळा असं सुचवतात, पण काही पिल्लं त्यानं आणखी चेकाळतात. तुमच्या पिल्लाचं तसं होत असेल तर गप्प राहणंच बरं. संध्याकाळी वेड्यासारखं चावत सुटलेलं पिल्लू बहुतेक वेळा फक्त झोपेला आलेलं असतं. या वयात दिवसाला अठरा-वीस तास झोप लागते. सुधारायचं काही नाही, अंधारं-शांत करून झोपवा.

अंगावर उड्या. बसलेला कुत्रा उडी मारू शकत नाही, यावर सगळं बेतायचं. पाहुणा येताना कुत्रा लीशवर. पाहुणा दोन मीटरवर थांबेल. कुत्रा बसला की पाहुणा पुढे, बूड उचललं की पाहुणा मागे. हात फक्त बसलेल्या कुत्र्याला लागतो. गुडघा छातीत मारणं, मागच्या पायावर पाय देणं असे जुने उपाय दुखापत करतात, आणि माणूस आला की दुखतं हेही शिकवतात.

लीश ओढणं. लीश ताणली की झाडासारखं उभं राहा. ढिली झाली, म्हणजे तो वळला किंवा एक पाऊल मागे आला, की खुणेचा शब्द म्हणा, खाऊ तुमच्या मांडीच्या शिवणीपाशी द्या आणि चाला. खाऊ पुढे हात लांबवून दिलात तर कुत्रा पुढेच चालेल. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांत घरासमोरचा कोपराही गाठला जाणार नाही, हे गृहीत धरा. घाईचा फेरा असेल त्या दिवशी सराव करू नका आणि शक्यतो वेगळा हार्नेस चढवा, म्हणजे सरावाचा नियम मोडत नाही. मानेला हिसके देऊन ओढणं थोडं कमी होतं, हे खरं. पण समोर दुसरा कुत्रा दिसला की मानेला दुखतं, असं दहा-वीस वेळा झालं की समोरच्या कुत्र्यावरच राग काढणारा कुत्रा तयार होतो. शिवाय गळपट्ट्यावर ओढ बसली की डोळ्यांतला दाब वाढतो; नाजूक श्वासनलिकेच्या छोट्या जाती आणि चपट्या नाकाचे कुत्रे यांना तर हार्नेसच हवा.

घरात शू. पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा. साधारण तितके तास ते फार तर दम धरतं. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच बाहेर. सांडलेलं एन्झाइमच्या क्लीनरनं पुसा. अमोनिया असलेल्यानं नको, कारण तो वास लघवीच्या वासाशी जुळतो. नाक घासणं निव्वळ तोट्याचं: तो तुमच्यादेखत शू करणं टाळतो, मग बाहेर अर्धा तास फिरवूनही करत नाही आणि आत आल्यावर सोफ्यामागे करतो.

गुरगुरण्याला शिक्षा नको

ओठ चाटणं, अवेळी जांभई, मान वळवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, अंग ताठ होणं, मग गुरगुरणं, मग हवेत दात आपटणं आणि शेवटी चावा. कुत्रा बहुधा याच क्रमानं जातो. गुरगुरल्याबद्दल रट्टा दिला की तो गुरगुरायचं सोडतो, अस्वस्थ मात्र तेवढाच राहतो. ‘काहीच कारण नसताना चावला’ अशा गोष्टींमागे पुष्कळदा हेच असतं. गुरगुरला की थांबा, अंतर वाढवा, कशावरून ते लिहून ठेवा. ताटलीवरून असेल तर जवळून जाताना लांबूनच काहीतरी अधिक चांगलं ताटलीत टाका आणि पुढे चालू लागा, म्हणजे तुमचं जवळ येणं फायद्याचं होतं. ताटली उचलून ‘कोण मोठा’ ते दाखवायला जाऊ नका.

ही ‘कोण मोठा’ कल्पना बरीचशी प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या निरीक्षणांतून लोकांत पसरली, आणि ती बंदिवासातल्या लांडग्यांवरची होती. रानातला कळप म्हणजे मुख्यतः आई-बाप आणि त्यांची पोरं, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्ये मांडलं. ‘अल्फा’ (म्हणजे कळपाचा म्होरक्या) हा शब्द लोकप्रिय करण्यात ज्यांचा हात होता, त्या मेक यांनीच तो नंतर सोडून द्यायला सांगितलं. पाठीवर उलथं पाडून दाबून धरण्याची पद्धत मात्र अजून टिकून आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कुत्र्याच्या वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या मालकांना त्यांनी काय काय करून पाहिलं ते विचारलं होतं. मारलेल्या किंवा लाथाडलेल्या कुत्र्यांपैकी ४३ टक्के, तर उलथे पाडलेल्यांपैकी ३१ टक्के उलट अंगावर आले होते. विजेच्या पट्ट्यांवर वेल्समध्ये २०१० पासून बंदी आहे.

मदत कधी आणि कुणाची

आजवर शहाण्यासारखं वागणारा कुत्रा अचानक घरात शू करू लागला, हात लावला की गुरगुरू लागला, तर आधी पशुवैद्य. कानाचा संसर्ग, सांधे, दात, मूत्रमार्ग यांची दुखणी वागण्यातून दिसतात आणि त्यांवर कुठलीही शिकवण चालत नाही. कातडी फुटेल असा चावा एकदा जरी झाला, किंवा घरात लहान मूल असून कुत्रा वस्तू राखत (जवळ आलेल्यावर गुरगुरत) असेल, तर लेख वाचून प्रयोग करू नका. वर्तनाचं शिक्षण घेतलेला माणूस गाठा.

ट्रेनर निवडताना त्याची एक बैठक आधी नुसती बघायला मागा. कुत्र्याकडे बघा: शेपूट आणि अंग सैल आहे का, ट्रेनर जवळ आल्यावर तो पुढे सरकतो की मागे, चुकल्यावर नेमकं काय होतं. गळ्यात काय घातलंय ते हात लावून बघा. कुत्रा तुमच्यासमोर न शिकवता तीन आठवडे ‘ठेवून’ परत देतो म्हणणाऱ्याला नकार द्या, कारण तिथे काय झालं ते कळत नाही आणि घरातले नियम तर तुम्हालाच पाळायचे असतात.